आधी तिथल्या घड्याळाने जगून बघ

प्रिय ताई,

सप्टेंबरच्या अखेरीस मी स्पेनमध्ये सालामांकाला आले. जूनपर्यंत इथे स्पॅनिश शिकणार आहे. वर्गात बरं चाललंय, चाचणीत दहापैकी आठ मिळाले. पण वर्गाबाहेर तोंडच उघडत नाही. दुकानात मी वाक्य जुळवेपर्यंत समोरचा इंग्रजीत सुरू होतो. ज्या बाईंच्या घरी खोली घेतली आहे त्या साठीच्या पुढच्या, एकट्याच राहतात. ‘हे घाल, ते उचल, जेवायला ये’ असं सारखं जोरात सांगत असतात. अनवाणी दिसले की ओरडतात. मी मांस खात नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी सॅलडमध्ये ट्यूना मासा आला. रात्रीचं जेवण साडेनऊला. तोवर दम निघत नाही, म्हणून मी सातलाच खोलीत काहीतरी खाऊन घेते आणि मग जेवणाच्या टेबलावर जातच नाही. दुपारी क्लास सुटल्यावर सामान आणायला जावं तर दुकानं बंद. पाचपासून आठपर्यंत घरच्यांशी आणि मैत्रिणींशी व्हिडिओ कॉल, दिवसातला तेवढाच वेळ बरा जातो. इथे तीन भारतीय मुली फ्लॅट घेऊन राहतात, त्यांच्याकडची एक खोली रिकामी होते आहे. जाऊ का? आई म्हणते, निदान नाताळच्या सुट्टीत घरी येऊन जा. आणि हो, इथल्या ओळखपत्राचं काम अजून झालेलं नाही, अपॉइंटमेंटच मिळत नाही.

– सालामांकातली एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

खोली एवढ्यात सोडू नकोस. तुझा मुख्य प्रश्न तोच आहे, म्हणून उत्तर आधी दिलं. का ते आता सांगते, आणि ओळखपत्राचंही शेवटी नीट बोलते, कारण तू ते जाता जाता लिहिलंस आणि मला मात्र तुझ्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच वाटली.

तू दिवसभरातल्या वेळा लिहिल्यास त्या मी कागदावर एकाखाली एक मांडून पाहिल्या. दुपारी दोननंतर तू बाहेर, तेव्हा दुकानं बंद. पाच वाजता दुकानं पुन्हा उघडतात, तेव्हा तू खोलीत फोनवर. सहा ते आठ या वेळात सालामांकातली आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळांपर्यंत सगळी मंडळी प्लाझा मायोरमध्ये, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, फेऱ्या मारतात, तेव्हाही तू फोनवर. साडेनऊला घरात टेबल मांडलं जातं, दिवसभराचं बोलणं तिथे होतं, आणि तू जेवून मोकळी झालेली असतेस. गाव झोपतं तेव्हा तू रस्त्यावर आणि गाव रस्त्यावर येतं तेव्हा तू दार लावून आत. मग स्पॅनिश बोलायला माणूस भेटणार कुठे? तुझं व्याकरण कच्चं नाही. आठ गुणांना तिकडे ‘नोताब्ले’ म्हणतात आणि ते उगाच देत नाहीत. तुला माणसं कमी पडतात, कारण तुझ्या आणि त्यांच्या वेळा दिवसभरात कुठेच जुळत नाहीत.

त्यांच्या जेवणाच्या वेळा तुला विचित्र वाटतात, त्यामागचं कारण कळलं की थोडं सोपं जाईल. नकाशात बघ, स्पेन जवळजवळ इंग्लंडच्या खाली आहे. सूर्याच्या हिशेबाने तिथे लंडनची वेळ असायला हवी. पण १९४० मध्ये, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, घड्याळं एक तास पुढे केली आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यात सालामांका देशाच्या पश्चिमेकडे. त्यामुळे नोव्हेंबरातही तिथे सूर्य डोक्यावर येतो तो एक वाजून गेल्यावर. म्हणजे अडीचचं जेवण हे उन्हाकडे बघितलं तर एक-सव्वा वाजताचं जेवण आहे. अगदी वेळेवरचं. रात्रीचं जेवण उशिरा होतं खरं, पण ते हलकं असतं, आणि दुपार ते रात्र कोणी उपाशी काढत नाही. मधे सहाच्या सुमाराला ‘मेरिएंदा’ असते: पाव, फळ, कॉफी, बिस्किटं, घरात असेल ते. लहान मुलांना तर ती हमखास देतात. तुझ्या बाईंना सांग की मला मेरिएंदा हवी. त्या आनंदाने देतील असा माझा अंदाज आहे, कारण आत्ता त्यांना एवढंच दिसतंय की ही मुलगी माझ्या हातचं जेवायला येत नाही. दुपारी पोटभर जेव, सहाला मेरिएंदा खा आणि साडेनऊला भूक असो-नसो टेबलावर जाऊन बस. सूप घे, एक तुकडा पाव घे, पण बस.

दुपारच्या जेवणानंतर लगेच उठूनही जाऊ नकोस. ताटं बाजूला सारून तसंच गप्पा मारत बसायचं, याला तिथे ‘सोब्रेमेसा’ म्हणतात आणि त्याला फार मान आहे. कोणी घाईने उठलं तर काहीतरी बिनसलंय असं वाटतं. सुरुवातीला तुला तिथे निम्मंही कळणार नाही. चालेल. कोण कोणाविषयी बोलतंय एवढं जरी लागलं तरी त्या दिवसापुरतं पुष्कळ झालं.

आता फोन. घरी बोलणं बंद कर असं मी अजिबात म्हणणार नाही. परक्या भाषेत दिवसभर कान टवकारून राहिलं की संध्याकाळी डोकं जड होतं, चिडचिड होते. हा थकवा खरा असतो, आणि त्यावर आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलणं हाच उतारा आहे. फक्त ती वेळ हलव. हिवाळ्यात स्पेन भारताच्या साडेचार तास मागे आहे. तिथे दुपारचे चार, म्हणजे घरी रात्रीचे साडेआठ. ही वेळ दोघांनाही सोयीची आहे: तुझी जेवणं झालेली, गाव पडद्याआड गेलेलं, बाहेर करण्यासारखं काही नाही, आणि घरची माणसं अजून जागी. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकतील आणि अंतर साडेतीन तासांचं होईल, हे आईला आधी सांगून ठेव.) चार ते पाच मराठी. पाचला चपला घालून बाहेर. रोज तीन तास मैत्रिणींना हवेच असतील, तर सध्या त्यांना रविवारचा दिवस दे. तिथे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, दुपारनंतर रस्ते ओस पडतात, एकटीला तो दिवस अंगावर येतो. तेव्हा बोल हवं तेवढं.

बाहेर पडून जायचं कुठे? रोज नव्या ठिकाणी नको. नवीन जागी दर वेळी नवा माणूस, नवी घाई, आणि तू पुन्हा वाक्य जुळवत उभी. दोन-तीन जागा पक्क्या कर आणि त्याच त्याच जागी जा, म्हणजे तिथली माणसं तुला ओळखायला लागतील. ओळखीच्या माणसाला धीर असतो. अनोळखी दुकानदार इंग्रजीत वळतो तो तुला हिणवायला नाही, त्याच्यामागे रांग असते म्हणून. तुझं तोंड ओळखीचं झालं की तोच थांबतो.

माझी पहिली शिफारस शनिवार सकाळच्या मंडईची. प्लाझा मायोरला लागूनच जुनी मंडई आहे, तुझ्या पायाखालची वाट असेल. ती सकाळची असते, तेव्हा आठवडाभर तुला जमणार नाही, पण शनिवारी दहा-अकराला जाच. तिथे ओळीने रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात. आपण गेल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं: ‘कीएन एस एल उल्तिमो?’ शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं, आपण त्याच्यानंतर. पुढे येणारा विचारेल तेव्हा आपण हात वर करायचा. झालं, तू त्या रांगेतली झालीस. हे न विचारता नुसती उभी राहिलीस तर तुझा नंबर कधीच येणार नाही, आणि तुला वाटेल परकी म्हणून डावललं. दुसरं म्हणजे फळं-भाजी आपल्या हाताने निवडायची नाही, सांगायची. ‘मे पोनेस मेदियो किलो दे तोमातेस?’ अर्धा किलो टोमॅटो देतेस का? मग ती विचारेल सॅलडला की शिजवायला, आज खायचे की दोन दिवसांनी. हे प्रश्न दर आठवड्याला तेच असतात. म्हणून तर मंडई शिकणाऱ्याला इतकी चांगली. पहिल्या शनिवारी जो प्रश्न डोक्यावरून गेला, तो तिसऱ्या शनिवारी तू ती विचारायच्या आधी ओळखशील. भाजीवाली तुला ‘इखा’, ‘कारिन्यो’, ‘रेइना’ असं काहीही म्हणेल, बाळ, लाडके, राणी. बिचकू नकोस, सगळ्यांनाच म्हणतात.

दुसरी जागा कोपऱ्यावरचा बार. हे वाचून तुझ्या आईच्या पोटात गोळा येईल, तर तिला सांग की तिकडचा बार म्हणजे सकाळी कॉफी-टोस्टची, दुपारी जेवणाची आणि संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायची जागा असते. आजोबा पेपर वाचत बसतात, मुलं शाळा सुटल्यावर आईबरोबर येतात. दारू न पिणारी माणसं तिथे रोज जातात. क्लासच्या आधी रोज एकाच बारमध्ये, टेबलावर न बसता काउंटरपाशी उभी राहून कॉफी घे. टेबलावर बसलीस की मोबाइल काढशील. काउंटरपाशी तसं होत नाही, समोर माणूस असतो. आत शिरताना ‘बुएनास’, निघताना ‘आस्ता लुएगो’, हे न चुकता, मोठ्याने, ओळख असो-नसो. दोनेक आठवड्यांनी तू न सांगता तुझी कॉफी समोर येईल. त्या दिवशी एखादा प्रश्न तूही विचार: आज एवढी गर्दी कसली, काल सामना कोणी जिंकला.

आणि तिसरं, इंतरकांबियो, म्हणजे भाषांची देवाणघेवाण. तुझ्या विद्यापीठात इंग्रजी सुधारायला धडपडणारी शेकडो स्पॅनिश मुलं-मुली आहेत. त्यांना तुझं इंग्रजी हवंय, तुला त्यांचं स्पॅनिश. विद्यापीठातल्या सूचनाफलकांवर अशा चिठ्ठ्या लागलेल्या असतात, एक तूही लाव. अर्धा तास एक भाषा, अर्धा तास दुसरी, घड्याळ लावून. हा नियम सैल पडला की जो दुसऱ्याच्या भाषेत जास्त पटाईत असतो त्याच्याकडे सगळं झुकतं आणि तू तासभर इंग्रजीच बोलून परत येशील. पहिली भेट उघड्यावर, दिवसाउजेडी. भेटायची जागा विचारलीस तर समोरून बहुतेक उत्तर येईल ‘बाखो एल रेलोख’, प्लाझा मायोरमधल्या घड्याळाखाली. सालामांकातली तरुण मंडळी तिथेच भेटतात.

एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून मनापासून सांगायची आहे. तू वाक्य पूर्ण जुळल्याशिवाय तोंड उघडत नाहीस. चांगल्या गुणांच्या विद्यार्थ्यांत हे मी फार बघते आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्यांना सगळ्यात जास्त येतं तीच मुलं सगळ्यात कमी बोलतात. तू ज्या गावात आहेस तिथेच १४९२ साली कॅस्टिलियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचं पहिलं छापील व्याकरण निघालं. तिथलं विद्यापीठ तर १२१८ पासूनचं. व्याकरणाला तिथे मान आहेच, आणि वर्गात तू तो राखतेस. पण काउंटरपाशी क्रियापदाचं रूप चुकलं तर कोणी गुण कापत नाही. अर्धं वाक्य बोल, उरलेलं बोट दाखवून पुरं कर. समोरचा इंग्रजीत वळलाच तर न रागावता स्पॅनिशमध्येच उत्तर देत राहा. दोन-तीन वाक्यांत तो परत येतो.

आता तुझ्या बाई. ‘हे घाल, ते उचल’ यात तुला राग ऐकू येतो. स्पेनमध्ये आज्ञार्थ रोजच्या बोलण्यात सरसकट वापरतात. ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ घरात फारसे कोणी म्हणत नाही, आणि आवाजाची पट्टी मुळातच वरची असते. ‘कोमे, कोमे’, खा, खा, असं ताटावर ओरडणं म्हणजे आग्रह आहे. तू दोन महिने त्या घरात आहेस, तर आता एवढं बघ: त्या टेलिफोनवर बहिणीशी किंवा शेजारणीशी कशा बोलतात? तेवढ्याच जोरात बोलत असतील तर तुझ्यावर विशेष राग नाही. अनवाणी पायांचं म्हणशील तर सालामांका सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, आणि उघड्या पायांनी थंड फरशीवर चाललं की आजारी पडतं यावर तिथल्या आयांचा गाढ विश्वास आहे. घरात घालायच्या सपाता घे. फार महाग नसतात आणि घरातलं एक भांडण कायमचं मिटतं.

ट्यूनाचं मात्र तू अधिक नेमकं सांगायला हवं होतंस. ‘मांस खात नाही’ म्हटलं की तिथे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे फक्त मांसाचा मोठा तुकडा येतो. मासा त्यात धरत नाहीत, ट्यूना तर नाहीच, आणि हॅमचे बारीक तुकडे कित्येकांना मसाल्यासारखे वाटतात. मसुराच्या आमटीत चोरिथो सॉसेज असतं, थंड साल्मोरेखो सूपवर हॅम आणि उकडलेलं अंडं भुरभुरलेलं असतं, भाजीचं म्हणून जे सूप येतं त्याचं पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. म्हणून कागदावर लिहून दे: मांस नाही, कोंबडी नाही, हॅम नाही, चोरिथो नाही, मासा नाही, ट्यूना नाही, मांसाचं पाणी नाही. अंडं चालतं का तेही लिही, कारण चालत असेल तर बटाट्याचा तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, हा तुझा मोठा आधार आहे. त्याच कागदावर खाली काय चालतं ते लिही: मसूर, छोले, पालक, पिस्तो (टोमॅटोत शिजवलेल्या मिश्र भाज्या), भात, भाजलेल्या मिरच्या. नुसती नकाराची यादी दिली की स्वयंपाक करणारं माणूस हताश होतं. एखाद्या शनिवारी मंडईतून येताना छोले-पालक आणून म्हण, मला तुमच्या पद्धतीने करायला शिकवा. स्वयंपाकघरात उभं राहून जेवढी क्रियापदं कानावर पडतात तेवढी दुसरीकडे कुठे पडत असतील असं मला वाटत नाही.

हे सगळं त्या बाई मुळात सरळ आहेत असं धरून लिहिलं. तुझ्या पत्रात त्यांचा करडेपणा दिसतो, वाईटपणा दिसत नाही. पण न लिहिलेलं काही असेल, म्हणजे त्या तुझ्या खोलीत न विचारता शिरत असतील, ठरलेलं जेवण देत नसतील, थंडीत हीटर लावू देत नसतील, तर सोसत बसू नकोस. अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना सांग. घर बदलून देणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे. तसंच, झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, सकाळी उठवत नसेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर माझ्या सल्ल्यावर थांबू नकोस. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मदत कक्ष असतो, तिथे जा आणि आईलाही खरं सांग.

भारतीय मुलींच्या फ्लॅटचं. त्या मुली तुला लागणार आहेत, त्यांना तोडू नकोस. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जा, मनसोक्त मराठी-हिंदी बोल, वरण-भात खा. पण राहायला गेलीस तर आत्ता दिवसात जी चार-दोन स्पॅनिश वाक्यं कानावर पडतात तीही जातील, आणि जूनमध्ये परतताना तुझ्याकडे फक्त वर्गातलं स्पॅनिश असेल. त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती. फेब्रुवारीत दुसरं सत्र सुरू होईल, तोवर या वेळांनी जगून बघ. तेव्हाही जीव रमला नाही तर खोली बदल, फक्त ती स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये शोध. तिथे बहुतेक विद्यार्थी असेच फ्लॅट वाटून राहतात आणि सत्राच्या मध्ये खोल्या रिकाम्या होतात.

आता ओळखपत्र. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने स्पेनमध्ये आल्यापासून एका महिन्याच्या आत या कार्डासाठी अर्ज करायचा असतो. तुझा महिना उलटून गेलाय. अपॉइंटमेंट, म्हणजे तिथली ‘थीता प्रेविया’, मिळायला त्रास होतो हे खरं आहे, आणि तो पुष्कळांना होतो. उद्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जा आणि तारीख मिळवायला मदत मागा, तुझ्यासारखे आणखी कोणी अडकले असतील तर सगळे मिळून. आजवर संकेतस्थळावर ‘तारीख उपलब्ध नाही’ असं आलं असेल त्या प्रत्येक वेळचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेव. दरम्यान नगरपालिकेत जाऊन पत्त्याची नोंद, ‘एम्पाद्रोनामिएंतो’, केली नसशील तर करून घे. त्यासाठी बाईंची सही किंवा भाडेकराराची प्रत लागेल, आज रात्रीच्या जेवणात तोच विषय काढ.

आणि नाताळचं तिकीट इतक्यात काढू नकोस. पासपोर्ट उघड आणि व्हिसावरची शेवटची तारीख बघ. वर्षभराच्या विद्यार्थ्यांना बहुधा ९० दिवसांचा व्हिसा लावून देतात आणि पुढचा काळ कार्डावर काढायचा असतो. तू सप्टेंबरच्या अखेरीस आलीस, म्हणजे तो डिसेंबरच्या शेवटी संपत असण्याचा संभव मोठा आहे. कार्ड हातात नसताना आणि व्हिसा संपलेला असताना देशाबाहेर गेलीस तर परत शिरताना अडवतील. अर्ज दाखल झालेला असेल तर ‘आउतोरिथाथिओन दे रेग्रेसो’ नावाचा परतीचा परवाना मिळतो, तो निघण्याआधी स्पेनमध्येच काढावा लागतो आणि त्यालाही वेळ लागतो. दोन्हीपैकी काही हातात आलं तर खुशाल घरी जा, आईला भेट. नाहीच आलं, तर ६ जानेवारीपर्यंत तिथेच राहा: ५ तारखेच्या संध्याकाळी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते, घोड्यांवरून आणि रथांवरून मुलांच्या अंगावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी रोस्कोन नावाचा गोल केक कापतात. आईला तू न येण्याचं कारण आत्ताच, आजच्या चारच्या फोनवर सांगून ठेव, म्हणजे ती डिसेंबरभर वाट बघत राहणार नाही.

तुझी,
ताई